विश्लेषण : ‘१२ रुपये स्क्वेअर फूट’ खरेच स्वस्त असते का? घराच्या रंगकामाचा खर्च जोखायचा कसा?

पाऊस ओसरू लागला, की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, ‘चांगला पेंटर आहे का कोणाकडे? दर काय?’ उत्तरादाखल दोन-तीन मोबाइल क्रमांक येतात आणि प्रत्येकापुढे एक आकडा. कुणाचा १२ रुपये स्क्वेअर फूट, कुणाचा १६, कुणाचा थेट २६. दिवाळी तोंडावर असते, पाहुणे यायचे असतात. मग बहुतेक घरांत सर्वांत लहान आकडा निवडला जातो, वर आणखी एखादा रुपया कमी करून घेतला जातो आणि काम सुरू होते.

पुढच्या पावसाळ्यात खिडकीखाली पोपडे सुटतात, ट्यूबलाइटच्या उजेडात भिंतीवर लाटा दिसतात. मग दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो. जास्त दर मोजणारेही यातून सुटतातच असे नाही. कारण स्क्वेअर फुटाचा दर हा या खर्चाचा सर्वांत ठळक दिसणारा आणि सर्वांत कमी माहिती देणारा भाग आहे. रंगकामात ग्राहक रंग विकत घेतो त्यापेक्षा किती तरी जास्त प्रमाणात माणसांचे दिवस विकत घेतो. ते दिवस किती, हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

स्क्वेअर फूट, पण कशाचे?

पुण्यातील ६५० चौरस फूट कार्पेटचा एक टूबीएचके फ्लॅट उदाहरणादाखल घेऊ. (पुढचे दर हे बाजारभाव नाहीत. हिशेबाची पद्धत कळावी म्हणून धरलेले आकडे आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या भागातले दर घालावेत.)

त्यातली १२ बाय १० फुटांची, साडेनऊ फूट उंचीची एक बेडरूम पाहा. चार भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, म्हणून भिंती ४१८ चौरस फूट. छत १२० चौरस फूट. एकूण ५३८. त्यातून दार २१ आणि खिडकी १६ चौरस फूट वजा केली, की उरतात ५०१. म्हणजे जमिनीच्या चौपटीहून थोडे जास्त. मग ‘कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट’ हा ठोकताळा कुठून आला? बाथरूमला आणि ओट्यामागे टाइल्स असतात, तिथे रंग नसतो. शिवाय रेरा कायद्यातील कार्पेट क्षेत्रात घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते. सगळी बेरीज-वजाबाकी करून अशा फ्लॅटमध्ये रंगवायची जागा साधारण २,०५० चौरस फूट भरते.

आता दोन कोटेशन समोर ठेवा. पहिला ठेकेदार म्हणतो १२ रुपये. तो फ्लॅटचे ‘सेलेबल’ क्षेत्र विचारतो, ९०० ऐकतो, त्याला तीनने गुणतो आणि २,७०० चौरस फुटांचे ३२,४०० रुपये सांगतो. दुसरा टेप लावून मोजतो, २,०५० चौरस फूट लिहितो आणि १६ रुपयांनी ३२,८०० सांगतो. दरात चार रुपयांचे अंतर आणि बिलात फक्त ४०० रुपयांचे. व्हॉट्सॲपवर मात्र पहिला ‘स्वस्त’ म्हणून फॉरवर्ड होत राहतो.

बांधकामाच्या मोजमापासाठी ‘आयएस १२००’ हे भारतीय मानक आहे आणि त्याचा १३ वा भाग रंगकामाचाच आहे. अर्धा चौरस मीटर, म्हणजे जेमतेम साडेपाच चौरस फुटांपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही, असे त्यात आहे. त्याहून मोठ्या दारा-खिडक्यांसाठी वजावटीचे नियम आहेत. खासगी ठेकेदार सहसा काहीच वजा करत नाहीत. खिडकीच्या कडा जपून मारायला वेळ लागतो, असे ते सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. वजावट करायची की नाही, यावर वाद घालण्यापेक्षा तिन्ही ठेकेदारांना एकाच पद्धतीने मोजायला लावणे महत्त्वाचे. खरे तर मोजमाप घरातल्या माणसानेच करून ठेवावे. टेप, कागद आणि रविवारचा एक तास पुरतो.

दारे, ग्रिल, कपाटे आणि फॉल्स सीलिंग यांचा हिशेब मात्र वेगळा लागतो. ‘सगळे त्यातच येईल’ हे वाक्य काम सुरू होण्याआधी ऐकायला छान वाटते.

डब्यात किती, भिंतीवर किती?

आतल्या भिंतींच्या इमल्शनचा एक लिटर, दोन हात मारल्यास साधारण १०० ते १४० चौरस फूट जातो. नेमका आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. तो गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीसाठी असतो, हे लक्षात घ्यायचे. १२० धरला, तर २,०५० चौरस फुटांना सुमारे १७ लिटर लागतील. त्यात छताचा पांढरा पाचेक लिटर आणि भिंतींचा बारा.

हा आकडा हाताशी असला की बऱ्याच गोष्टी आपोआप उघड होतात. काम संपल्यावर घरात छत-भिंती मिळून दहाच लिटरचे रिकामे डबे दिसले, तर गणित जमत नाही. एक तर दुसरा हात मारलेला नाही किंवा रंगात पाणी जास्त गेले आहे. पाणी घालणे ही लबाडी नव्हे. पाण्यात मिसळणारे रंग पातळ करूनच मारतात. किती, ते डब्यावर छापलेले असते. लबाडी त्या आकड्याच्या पलीकडे सुरू होते.

शेडचाही फरक पडतो. भडक पिवळा किंवा लाल रंग खालची भिंत लवकर झाकत नाही, तिथे तिसरा हात लागू शकतो. हॉलची एकच भिंत गडद करायची ठरली, तर तिचा हिशेब आधीच वेगळा मागून घ्यावा.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना सहसा ठाऊक नसते. रंग कंपन्या अनेक वर्षांपासून डब्यात पेंटरसाठी टोकन ठेवत आल्या आहेत. आता त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी क्यूआर कूपनने घेतली आहे. पेंटर एखाद्याच कंपनीचा आग्रह धरतो, तेव्हा त्यात अनुभव असतो तसा या कूपनचाही वाटा असू शकतो. ती त्याची वरकमाई आहे, त्यावरून भांडायचे कारण नाही. आग्रह ऐकताना ती लक्षात असली म्हणजे झाले.

हजेरीचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. याच फ्लॅटमध्ये लोक राहत असताना पुन्हा रंग द्यायचा, तर काम कसे चालते? पहिला दिवस सामान मधोमध ओढण्यात, प्लास्टिक अंथरण्यात आणि सुटलेला जुना रंग खरवडण्यात जातो. मग भेगा आणि खिळ्यांची भोके पुट्टीने भरायची, ती वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची. घासल्यावर पुन्हा खड्डे दिसतात, ते पुन्हा भरायचे. मग प्रायमर. मग पहिला हात, तो वाळल्यावर दुसरा. शेवटी टचअप आणि फरशीवरचे डाग काढणे. दोन माणसे नीट काम करत असतील, तर साधारण सात दिवस, म्हणजे १४ हजेऱ्या.

एका हजेरीचे १,००० रुपये धरू. १४ हजेऱ्यांचे १४,००० झाले. ३०० रुपये लिटरचा १७ लिटर रंग ५,१०० चा. प्रायमर, पुट्टी, पेपर, टेप, प्लास्टिक मिळून आणखी ३,९०० धरले, तर मटेरियल ९,००० चे.

१६ रुपयांच्या दराने बिल होते ३२,८००. त्यातून मटेरियल आणि मजुरीचे २३,००० गेले, की ठेकेदाराला ९,८०० उरतात. त्यात त्याची ने-आण, देखरेख, घोडी-ब्रश-रोलर, एखादी भिंत परत करावी लागली तर तो खर्च आणि नफा. हे काही लुटणे नव्हे.

प्रामाणिक मापावर १२ रुपये दर असेल, तर बिल २४,६०० चे. मटेरियल आणि १४ हजेऱ्या वजा जाता उरतात १,६००. आठवडाभर दोन माणसे सांभाळून १,६०० रुपयांवर कुणी धंदा करत नाही. आणि कुणी ९ रुपये म्हणाला, तर बिल १८,४५० चे. मटेरियल वजा केले, की मजुरीला ९,४५० राहतात. म्हणजे ठेकेदाराने स्वतः जवळजवळ काहीच घेतले नाही, तरी नऊच हजेऱ्या. बाकीच्या पाच गेल्या कुठे?

त्या पाच हजेऱ्या दुसऱ्या हातातून जात नाहीत, कारण तो मालकाला दिसतो. त्या जातात पुट्टी आणि घासकामातून, कारण रंग मारल्यावर ते दिसत नाही, निदान पहिल्या काही महिन्यांत तरी. खडू लागलेल्या, सुटलेल्या जुन्या रंगावर नवा रंग चढवला, तर तो भिंतीला नव्हे, त्या भुकटीला चिकटतो. पुढे पोपडा निघतो तो दोन्ही थर घेऊनच.

म्हणून दरात एक रुपया कमी करून घेतल्याचा आनंद जपूनच साजरा करावा. या फ्लॅटपुरता तो एक रुपया २,०५० रुपयांचा, म्हणजे दोन हजेऱ्यांचा आहे. दरात जितकी घासाघीस, तितके भिंतीचे घासकाम कमी, असा हा रोखठोक व्यवहार असतो.

‘स्क्वेअर फुटाला किती’ याबरोबर ‘किती माणसे, किती दिवस’ हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. ज्याने भिंती नीट पाहिल्या आहेत, तो ठेकेदार याचे उत्तर लगेच देतो. ‘तुम्ही काळजी करू नका, करून टाकू’ हे उत्तर नव्हे.

कमी झालेले पैसे कुणाच्या खिशातून जातात, हाही प्रश्न आहेच. सकाळी मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या पेंटरला ठेकेदाराच्या कोटेशनशी देणे-घेणे नसते, त्याला हजेरी मिळते. दर पडला, की त्याच हजेरीत त्याच्याकडून दीडपट भिंत उरकून घेतली जाते. पुट्टी घासताना उडणारी धूळ तो दिवसभर तोंडाला रुमाल बांधून छातीत घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, पेंटरच्या व्यवसायातील संपर्काला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. चांगल्या मास्कचे पैसे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. ग्राहकाने स्वतः चार मास्क आणून दिले, तर बिलात फार फरक पडत नाही.

जुन्या घरांत ही काळजी घरच्यांसाठीही घ्यावी लागते. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारा-ग्रिलवरच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. लहान मूल किंवा गरोदर स्त्री घरात असेल, तर असा जुना रंग कोरडा घासू देऊ नये. ओला करून घासावा आणि त्या दिवसांत त्यांनी दुसरीकडे राहावे.

महागडा रंग घेतला, तर?

समजा ३०० ऐवजी ६०० रुपये लिटरचा रंग निवडला. १७ लिटरला जादा खर्च ५,१००. पण ‘लक्झरी फिनिश’ म्हणताच दर १६ वरून २६ वर जातो आणि बिल २०,५०० ने वाढते. मधले १५,४०० कशाचे?

याचे एक प्रामाणिक उत्तर असू शकते. चकाकी असलेला रंग भिंतीचे खाचखळगे लपवत नाही, उलट उठून दाखवतो. त्याखाली पूर्ण भिंतीवर पुट्टीचे दोन हात आणि नीट घासकाम लागते, मटेरियल वाढते, हजेऱ्याही वाढतात. ते सगळे होणार असेल, तर दर रास्त आहे. नुसता डबा बदलणार असेल, तर नाही. पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, माणसे किती आणि दिवस किती?

उलट बाजूने पाहिले, तर तयारी चांगली होणार असेल तेव्हा रंगात फार काटकसर करण्यातही अर्थ नाही. पुसता येणारा रंग घेतला, तर लहान मुलांच्या घरात ते पाच हजार वसूल होतात. भाड्याने द्यायच्या फ्लॅटला मात्र साधे इमल्शन पुरे. भाडेकरू बदलला, की भिंतीला पुन्हा हात लावावाच लागतो.

मटेरियलसह की फक्त मजुरी?

मटेरियलसह काम दिले, तर रंग वाचवण्यात ठेकेदाराचा फायदा. फक्त मजुरीवर दिले, तर रंग वाया गेला तरी त्याला तोशीस नाही आणि दुकानाच्या फेऱ्या मालकाच्या गळ्यात. पूर्ण फ्लॅट असेल आणि लिटरचा हिशेब मालकाला येत असेल, तर मटेरियलसह देणे सोयीचे, फक्त डबे सीलबंद यावेत आणि घरात उघडले जावेत. एकाच खोलीचे किंवा जुन्या वाड्यातले डागडुजीचे काम असेल, तर ओळखीच्या पेंटरला हजेरीवर बोलावलेले बरे. तिथे प्लास्टर किती सुटणार, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. मग स्क्वेअर फुटाचा दर देणारा एक तर धोका धरून जास्त सांगतो किंवा कमी सांगून मधेच अडतो.

ॲपवरून मिळणाऱ्या सेवेत लेझरने मोजमाप, छापील कोटेशन आणि तक्रारीची सोय असते, आणि तिचे पैसे पडतात. ज्यांना दिवसभर घरी थांबून काम पाहता येत नाही, त्यांना ते परवडते. घासकाम मात्र तिथेही अड्ड्यावरच्याच माणसांसारखी माणसे करतात.

‘जीएसटी वेगळा’ असे शेवटी सांगितले जाते, त्याचीही खातरजमा हवी. रंगकामाच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. ३२,८०० वर तो ५,९०४ रुपये होतो. पण वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्याला सहसा नोंदणी लागत नाही आणि नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. क्रमांक असलेले बिल मिळणार असेल, तरच तो द्यावा.

ओल असेल, तर?

तर रंगकाम थांबवावे, एवढे साधे उत्तर आहे आणि तेच कुणाला नको असते. आतून वॉटरप्रूफ म्हणून काहीही फासले, तरी वरच्या बाथरूममधून किंवा बाहेरच्या भेगेतून येणारे पाणी थांबत नाही. भिंतीला लोणा धरतो आणि रंग फुगतो. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेचा, तर संडास, सिंक अशा आतल्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटधारकाचा. म्हणजे पेंटरला फोन करण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र द्यायला हवे. ते भांडण दिवाळीपूर्वी मिटेलच असे नाही. तोपर्यंत ती एक भिंत सोडून बाकीचे घर रंगवता येते. ठेकेदाराला हे सुचत नाही, कारण त्याच्या मापातून ती भिंत वजा होते.

पैसे कधी, किती?

अर्धी रक्कम आधी देण्याची पद्धत पडली आहे, ती मोडायला हरकत नाही. मटेरियल येईल तेव्हा मटेरियलपुरते पैसे. दुसरा हप्ता प्रायमरनंतर, पहिला हात मारण्याआधी. हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, कारण घासकाम दिसण्याची ती शेवटची संधी असते. रात्री खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरावा. पुट्टीच्या कडा, खड्डे, पत्र्याचे ओरखडे सगळे सावल्यांसकट दिसते. त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवावेत. चांगला पेंटर त्यावर रागावत नाही.

कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहून घेतल्या, तर बहुतेक वाद टळतात : मोजलेले क्षेत्र, रंगाचे पूर्ण नाव आणि लिटर, पुट्टी-प्रायमर-रंग यांचे किती हात, आणि माणसे व दिवस. साध्या व्हॉट्सॲप संदेशावर ‘ओके’ आले तरी चालते.

शेवटचे दहा टक्के आठवडाभर राखून ठेवावेत आणि भिंती सकाळच्या उन्हात पाहाव्यात. दिवाळीच्या तोंडावर काम उरकले असेल, तर एवढे आधी विचारून घ्यावे की टचअपला कोण येणार आणि कधी. पुण्या-मुंबईत रंगकाम करणाऱ्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडचे कारागीर बरेच आहेत आणि दिवाळीपाठोपाठ सहाव्या दिवशी छठपूजा येते. तेव्हा गावी गेलेला माणूस लगेच परत येत नाही. उरलेला लिटरभर रंग घट्ट झाकण लावून माळ्यावर ठेवावा आणि झाकणावरच्या शेड क्रमांकाचा फोटो फोनमध्ये.